टांझानिया देश कसा आहे आणि तिथले लोक कसे असतात?

मी कामानिमित्त चार वर्षं दार-एस-सलामला होतो, त्यामुळे तुमच्या या प्रश्नाचं उत्तर मनापासून द्यावंसं वाटलं.

टांझानिया केनियाच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या काठावर आहे. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण तिप्पट, पण २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या सहा कोटींच्या थोडीच वर. किलिमांजारो पर्वत आणि सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान तुम्ही ऐकलंच असेल. राजधानी डोडोमा, मोठी बाजारपेठ मात्र दार-एस-सलाम. टांगानिका, म्हणजे आजचा मुख्य भूभाग, १९६१ मध्ये इंग्रजांपासून स्वतंत्र झाला, १९६४ मध्ये झांझिबार बेटांशी त्याचं एकीकरण झालं आणि दोन्ही नावं जोडून टांझानिया हे नाव पडलं.

सुकुमा, चागा, हेहे, मासाई अशा १२० हून जास्त जमाती इथे आहेत, प्रत्येकीची बोली वेगळी. तरी कुठेही जा, स्वाहिली भाषेवर काम भागतं. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. लोक अजून त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणतात. त्यांनी शाळा आणि सरकारी कारभारात स्वाहिली रुजवली. माझ्या मते या देशावर त्यांचे सगळ्यात मोठे उपकार हेच.

आपल्याला ही भाषा परकी वाटत नाही. गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’, लाखाला ‘लाकी’, आणि चपातीला चपातीच! घड्याळ मात्र चकवतं. तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’. कुठल्याही कारागिराला तिथे ‘फुंदी’ म्हणतात. आमचा फुंदी ‘सा तातू’ला, म्हणजे तीनला, येतो म्हणाला. मी दुपारी तीनला दार उघडून बसलो, तो बिचारा सकाळी नऊलाच येऊन परत गेला होता.

माणसं शांत आणि अदबशीर. सुरुवातीला कारियाकोच्या बाजारात मी एका आजींना थेट टोमॅटोचा भाव विचारला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “हबारी?” कसा आहेस, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, हे सगळं आधी. भाव त्यानंतर. मोठ्यांना लहानांनी ‘शिकामो’ म्हणायचं. ‘तुमचे पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. त्यावर मोठे ‘मराहाबा’ म्हणतात. शेजारची चार वर्षांची पोर रोज फाटकातून मला शिकामो म्हणायची, तेव्हा घरची आठवण यायची.

गरिबी आहे, वीज जाते, दालादालात (तिथल्या मिनीबस) उभं राहायलाही जागा नसते. पण एक शब्द दिवसभर कानावर पडतो, ‘पोले’. तुम्ही ठेचकाळलात, ओझं उचललंत, आजारी पडलात, की अनोळखी माणूसही ‘पोले’ म्हणतो. तुमचा त्रास मला दिसला, एवढंच त्याला सांगायचं असतं.

माझे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा रात्र झाली होती. अर्ध्या तासात गल्लीतली माणसं येऊन अंगणात बसली. कुणी फार बोललं नाही. जाताना एकेकाने ‘पोले साना’ म्हणत हातात हात दिला. रखवालदाराने सगळ्यांकडून गोळा केलेलं पाकीट पुढे केलं. दुःखाच्या घरी देतात त्या पैशांना तिकडे ‘राम्बीराम्बी’ म्हणतात. त्यात त्याच्या स्वतःच्या दोन हजार शिलिंगांची चुरगळलेली नोटही होती.