वाचकांचे प्रश्न : ताट एकच, मग विष सर्वांना सारखे का लागत नाही?

प्रश्न : माझ्या मुलीला चौथा महिना लागला आहे आणि तिचे हिमोग्लोबिन 9 आहे. मासळीत पारा आणि शिसे असते असे कोणी तरी सांगितल्यापासून सासरच्या मंडळींनी तिची मासळी पूर्ण बंद केली. सकाळी ती नुसत्या चहावर असते, दुपारी पेज आणि लोणचे घेते. घरातले बाकी सगळे मात्र तीच मासळी खातात. त्यांना चालते ते हिलाच का चालू नये, हे कोणी नीट सांगत नाही. (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच या विषयाचे मर्म आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. अन्नातून पोटात गेलेले शिसे किंवा कॅडमियम सगळेच्या सगळे रक्तात उतरत नाही. किती उतरायचे, हे त्या वेळी पोटात आणखी काय आहे आणि शरीराला कशाची वाण आहे, यावर बरेचसे ठरते. आतड्यात लोह आत घेणारे डीएमटी-1 नावाचे एक वाहक प्रथिन असते. अंगात लोह कमी पडले की आतडे हे प्रथिन जास्त तयार करते, म्हणजेच लोहासाठी अधिक दारे उघडते. पण कॅडमियमही त्याच दारांनी शिरते. लोहाचा साठा आटलेल्या स्त्रियांत कॅडमियमचे शोषण दुपटीहून अधिक झाल्याचे मोजले गेले आहे, आणि मूत्रपिंडात एकदा साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच 10 ते 30 वर्षे लागतात. लोहाची कमतरता असताना शिसेही अधिक शोषले जाते. तेव्हा तुमच्या मुलीच्या बाबतीत काळजी करण्याची पहिली गोष्ट मासळी नव्हे, तिचे 9 हिमोग्लोबिन आहे. गरोदरपणी ते 11 च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 39 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे हा प्रश्न तुमच्या एका घरापुरता नाही.

दुसरी गोष्ट नुसत्या चहाची. प्रौढ माणसाच्या पोटात जेवणाबरोबर शिसे गेले तर त्याचा दहाव्या भागाहूनही कमी अंश रक्तात जातो; उपाशीपोटी तेच शिसे निम्म्याहून अधिक शोषले जाऊ शकते. चहामुळे लोहाचे शोषण अडते ते वेगळेच. गरोदरपणात बाळाची हाडे घडायला कॅल्शियम लागते. आहारातून ते पुरेसे आले नाही तर आईच्या हाडांतून काढले जाते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसेही त्याच्यासोबत रक्तात येते. मेक्सिकोत गर्भवतींना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले शिसे काही अंशी उतरले होते.

पोषणाने केवढा फरक पडतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण जपानच्या तोयामा प्रांतातले आहे. जिंझू नदीत वरच्या अंगाच्या जस्ताच्या खाणीतून कॅडमियम येत होते आणि त्या पाण्यावर पिकलेला भात सगळेच गाव खात होते. हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा ‘इताई-इताई’ हा रोग मात्र मुख्यतः जडला तो अनेक बाळंतपणे झालेल्या, पाळी गेलेल्या, कॅल्शियम, लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडलेल्या स्त्रियांना. (आपल्याकडच्या खाणी लोहखनिजाच्या, ती खाण जस्ताची, त्यामुळे ही तुलना आपल्या नद्यांपर्यंत ओढू नये.) भात तोच होता, नदीही तीच होती. शरीरे वेगळी होती.

आता पाऱ्याचे. मासळीतला पारा मिथाइल स्वरूपात मांसाच्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे साल काढून, तळून किंवा हुमणात तासभर रटरटवून तो जात नाही. मोठा मासा लहान माशांना खातो, तसतसा पारा वरच्या पायरीवर साठत जातो. म्हणून गरोदरपणात मोरी, तलवार मासा आणि मोठ्या आकाराची इसवण टाळावी. तारली, बांगडे, लेपे आठवड्यातून दोन-तीन वेळा खुशाल द्यावेत. सेशेल्स बेटांवरच्या गर्भवती आठवड्याला सरासरी 12 वेळा मासे खात आणि त्यांच्या केसांत पाराही आढळत असे, तरी त्यांच्या मुलांच्या वाढीत घट दिसली नाही. फेरो बेटांवर मात्र देवमाशाचे मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांत स्मरण आणि भाषा यांत सूक्ष्म उणीव आढळली. माशातले ओमेगा-3 मेद आणि सेलेनियम काही प्रमाणात पाऱ्याचा मारा बोथट करत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. देवमाशाच्या मांसात पारा पुष्कळ अधिक होता आणि चरबीत इतर प्रदूषकेही होती. मासळी सरसकट तोडल्याने मुलीचे प्रथिन, आयोडीन आणि ओमेगा-3 तेवढे गेले आणि बदल्यात फारसे काही हाती आले नाही.

सकाळी चहाच्या आधी तिला काही तरी खायला द्या, अगदी नाचण्याचे सत्त्व दुधात शिजवून दिले तरी चालेल. दुपारी पेजेबरोबर तांबडी भाजी, डाळ आणि एखादा बांगडा असावा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन-तीन तास दूर ठेवावी. हे सर्व तिच्या डॉक्टरांना दाखवून करा, कारण 9 हिमोग्लोबिनला आहाराबरोबर औषधही हवे.

प्रश्न : आमच्या घरी पावसाळ्यात शेंगदाण्याला आणि सुक्या खोबऱ्याला बुरशी येते. ती पुसून, उन्हात घालून आम्ही वापरतो. घरात दूध, अंडी, मासळी भरपूर आहे. खाणे सकस असेल तर थोडी बुरशी पचून जाते, असे वडील म्हणतात. ते खरे आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : वडिलांचा मान राखूनही हे मान्य करता येत नाही. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हाने किंवा तळण्याने पुरेसे नष्ट होत नाही, आणि पुसलेल्या दाण्याच्या आतही ते असू शकते. दाणा सोलून दोन दळे वेगळी करा आणि आतला कोंब पाहा. तिथे राखाडी-हिरवट छटा दिसली किंवा कुबट, खवट वास आला तर तो दाणा टाकून द्यावा. तशा खोबऱ्याचे घाण्यावर तेल काढले तर विषाचा काही अंश तेलातही उतरतो.

सकस आहाराचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. हैदराबादच्या तेव्हाच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) माधवन आणि गोपालन यांनी 1965 साली पाहिले की, प्रथिन कमी मिळालेल्या लहान उंदरांच्या यकृताला अफ्लाटॉक्सिनची इजा अधिक झाली. 1968 च्या त्यांच्या दीर्घ प्रयोगात मात्र 20 टक्के प्रथिन मिळालेल्या उंदरांत यकृताच्या गाठी झाल्या आणि 5 टक्के मिळालेल्यांत झाल्या नाहीत. यकृत विष निकामी करते, पण तेच करताना अफ्लाटॉक्सिनचे अधिक घातक रूपही तयार करते. चांगले खाणे आवश्यकच आहे, पण ते बुरशीवरचा उतारा ठरत नाही. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. तुमच्याकडे थोडा माल आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे, हाच उपाय. घरात कोणाला ‘ब’ प्रकारची कावीळ असेल तर अधिकच जपा. ती आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

प्रश्न : सोलकढी पितळेच्या पातेल्यात केली तर चालेल का? आजीच्या काळची भांडी आहेत. (एक वाचिका, काणकोण)

उत्तर : कल्हई नसेल तर मुळीच करू नये. आमसोलाच्या आंबटाने तांबे सुटते आणि कढी कळकते. ती प्यायल्यावर मळमळ, उलटी होते. कल्हईसुद्धा खात्रीच्या कारागिराकडून शुद्ध कथिलाचीच करून घ्यावी, कारण त्यात शिसे मिसळलेले असेल तर आंबट पदार्थात तेही उतरते.

मात्र पितळेचा खरा बळी दुसराच होता. लहान बाळांना होणाऱ्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगाचा या भांड्यांशी असलेला संबंध 1980 च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आला. हा रोग बहुधा अशा बाळांना होत असे, ज्यांना गाईम्हशीचे दूध बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून किंवा साठवून देत. त्याच घरातल्या मोठ्या माणसांना काही होत नसे आणि आईचे दूध पिणारी बाळेही सहसा वाचत. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, म्हणून पाण्यापेक्षा दुधातून ते अधिक पोटात जात असे. दुधासाठी ही भांडी वापरणे लोकांनी सोडले, तसा तो रोग दिसेनासा झाला. आजीची पातेली जपून ठेवावीत, त्यांत भाताचे आधण ठेवायलाही हरकत नाही. नातवंडाचे दूध मात्र स्टीलच्याच भांड्यात तापवावे.