पोट कडक होतंय? मग सकाळची वाट बघू नकोस

अगं,

सासूबाई म्हणतात जॉब सोड आणि आडवी पडून रहा, हे सांगताना काल कँटीनमध्ये तुझा चेहरा एवढा उतरला होता, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले. नुसतं झोपून राहून वेळेआधीचं बाळंतपण टळतं असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. डॉक्टरांनी तुला वेगळं काही सांगितलं नसेल तर हिंडती फिरती रहा.

माझी मोठी 31 व्या आठवड्यात झाली. सिंहगड रोड ते हिंजवडी, कॅबमध्ये दीड दीड तास, वाटेत बाथरूम नाही म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, लघवीला जळजळ व्हायची ती उन्हाने असेल म्हणून सोडून दिली. मग एका रात्री कंबर दुखायला लागली, थांबून थांबून, आणि दर दहा मिनिटांनी पोट असं कडक व्हायचं ना, स्वतःच्या कपाळावर बोट दाबून बघ, तस्सं टणक. आई म्हणाली गॅस असेल, ओवा खा. मी सकाळपर्यंत थांबले. तोपर्यंत गर्भपिशवीचं तोंड बरंच उघडलं होतं. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांचा पूर्ण फायदा व्हायला साधारण 24 तास तरी लागतात, माझ्याकडे चार तास होते. डॉक्टर म्हणाल्या इन्फेक्शनचा वाटा असणार. पुढचे कितीतरी दिवस काचेच्या पेटीत हात घालून एका बोटाने तिला हात लावायचा, बस.

म्हणून सांगते, पाणी पी, ऑफिसला पोचल्यावर आधी बाथरूम, लघवीची कल्चर टेस्ट करून घे, जळजळ नसली तरी, कारण कधीकधी इन्फेक्शन असतं आणि कळतच नाही. अठरा ते बावीस आठवड्यांत अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना बघायची सोनोग्राफी, होईल तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी पण मोजायला सांग, आतून सोनोग्राफी करतात, लाजू नकोस. 25 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनीमार्गात ठेवायला देतात. दुसऱ्या वेळी माझं तसंच निघालं, गोळ्या घेतल्या आणि धाकटा 38 व्या आठवड्यात आला. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बाहेर काढ, आजेसासूबाईंची मिश्री गंमत म्हणून पण लावू नकोस.

37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत तासाभरात चार-पाचदा पोट कडक झालं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, खाली दाब आल्यासारखं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन कर आणि निघ, गाडी नसेल तर 108 ला लाव. मला पण लाव, मी वारज्यातच आहे, रात्री रस्ता मोकळा असतो, पंधरा मिनिटांत तुझ्या दारात.

तुझी ताई