मांजराला महिनाभर अधूनमधून उलट्या होत आहेत व वजनही घटले आहे. हा पोटाचा जुनाट विकार असेल का?

शक्यता आहे. मांजर असो वा कुत्रा, उलट्या, जुलाब किंवा वजनातील घट 3 आठवड्यांहून अधिक टिकली, तर ‘केस गिळले असतील’ म्हणून वाट पाहू नये. पशुवैद्य आधी विष्ठा तपासून जंत, आणि रक्त तपासून मूत्रपिंड, यकृत व वयस्क मांजरात थायरॉइडचे आजार वगळतात. मग त्रास अन्नामुळे होतो का हे पाहण्यासाठी पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार काही आठवडे देऊन पाहतात. या काळात घरातील कोणी प्रेमापोटी बिस्किटाचा तुकडा दिला, तरी चाचणी फुकट जाते. मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साचण्याचा धोका असल्याने त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.