तीन गोलांची लीड झाली की बेंचकडे बघ

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय बाळा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे इतका गलका होता की तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. पण प्रश्न पोचला. शाळेची फुटबॉल टीम ६-० ने पुढे, अजून अख्खा हाफ बाकी. चांगली पोरं काढावीत तर आपलेच पालक ओरडतात, ठेवावीत तर मॅच संपल्यावर समोरच्या शाळेचे सर हात मिळवताना नजर वर करत नाहीत. कोचिंगच्या पहिल्याच वर्षी तुला हे टोचलं, याचं मला फार बरं वाटलं.

शालेय स्पर्धेत अशा मॅचेस होणारच. एकीकडे पेठेतली शाळा. पोरं कळायला लागल्यापासून तालमीच्या टीममागे शाहू स्टेडियमवर जाणारी, घरात काका नाहीतर मामा केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग खेळलेला. समोर लांबच्या तालुक्यातली टीम, जून-जुलैत जमवलेली, निम्म्या पोरांच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट. चिठ्ठी निघाली की दोघांची गाठ पडते. आणि नॉकआउट असल्यामुळे त्या पोरांचा वर्षभराचा फुटबॉल तेवढ्या एका मॅचमध्ये संपतो, हे आपण विसरतो. तुझ्या पोरांना पुढे जिल्हा आहे, विभाग आहे, जमलं तर शाळांच्या देशपातळीवरच्या सुब्रतो कपसाठी दिल्लीसुद्धा आहे. त्यांना संध्याकाळची एसटी आहे.

तर पहिला खेळाडू कधी काढायचा? माझा हिशेब असा: तीन गोलांची लीड, आणि गेल्या दहा मिनिटांत बॉल आपल्या बॉक्समध्ये धड एकदाही आलेला नाही. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसत्या स्कोअरवर जाऊ नकोस. त्यांच्या गोलीच्या हातून निसटलेले दोन आणि कॉर्नरवरचा एक, असे तीन गोल झाले असतील आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड अजून तुझ्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, पळवत असेल, तर थांब. पण खेळ सगळा त्यांच्याच हाफमध्ये चाललाय असं दिसलं, तर हाफटाइमचीही वाट बघू नकोस. विसाव्या मिनिटाला पहिला बदल कर. सहा-सात गोलांपर्यंत थांबून केलेला बदल कुणाच्याच कामाचा नसतो. तोपर्यंत समोरची पोरं मनाने मैदानाबाहेर गेलेली असतात आणि तुझ्या बेंचवरची पोरं थंड पडलेली असतात.

बदल एकेक, फार तर दोन-दोन कर. यात मी जबर मार खाल्लाय. चौदा वर्षांखालची टीम होती, हाफटाइमला ४-० ने पुढे. मोठ्या मनाने मी एकदम पाच जण बदलले, स्टॉपर आणि गोलीसकट. पंधरा मिनिटांत ४-३ झालं. शेवटची दहा मिनिटं आमची पोरं नुसता बॉल बाहेर मारत होती. मॅच जिंकलो, पण परतीच्या वाटेवर गाडीत एक जण म्हणाला, ‘सर, ह्यांना परत घेऊ नका.’ ती पाच पोरं मागच्या सीटवर बसून ऐकत होती. दोघांनी त्याच महिन्यात खेळ सोडला. चूक माझी होती, किंमत भरली त्यांनी. तेव्हापासून एक स्टॉपर आणि मधल्या फळीतला एक खेळाडू मी शेवटपर्यंत ठेवतो. नवीन पोराच्या शेजारी सांभाळून घेणारा कुणीतरी उभा असला की तोही खेळायला लागतो.

आधी कोणाला काढायचं? दुपारी दुसरी मॅच आहे का ते बघ, कारण आपल्याकडे एकाच दिवशी दोन-दोन मॅचेस लावतात. सगळ्यात जास्त पळणारा विंगर आणि तुझा मेन फॉरवर्ड हे दोघे पहिले बाहेर. यलो कार्ड घेतलेला त्यांच्याबरोबर. आणि तेरा-चौदा वर्षांचा, एका वर्षात झपाट्याने उंच झालेला, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणणारा पोरगा असेल, तर त्याला लीड मिळायचीही वाट बघायला लावू नकोस. या वयात हाड आधी वाढतं, स्नायू मागून येतात, आणि तिथली दुखणी खरी असतात. त्यातून चिखलाचं ग्राउंड आणि हरत चाललेला, वैतागलेला बॅक. उशिरा येणारा टॅकल तिथेच बसतो. सातव्या गोलासाठी तू काय पणाला लावतोयस याचा विचार कर.

नियमपत्रक मात्र आदल्या दिवशी वाच. लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत घ्यायची मुभा खेळाच्या नियमांतच ठेवलेली आहे, पण ती द्यायची की नाही हे त्या-त्या ठिकाणची संघटना ठरवते. मुभा असेल तर तुझं काम सोपं: भीती न बाळगता काढ, गरज पडली तर परत घे. नसेल तर बदल मोजून वापर. लीग पद्धत असेल आणि गोलफरकावर पुढे जायचं असेल, तर गणित वेगळं. तिथे गोल करणं थांबवू नकोस, पण ते गोल बेंचवरच्या पोरांना करू दे. आणि संघटकांची मीटिंग असते तेव्हा उठून सांग, की मुलांच्या स्पर्धेत पाचाच्या वरचा गोलफरक मोजू नका. कुणी ऐकेल, कुणी नाही. तू सांग. इंग्लंडमधल्या काही मुलांच्या लीगमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या टीमला एक जादा खेळाडू उतरवता येतो. आपल्याकडच्या मैत्रीपूर्ण मॅचेसमध्ये हे दोन कोचना आपापसात ठरवून उद्यासुद्धा करता येईल.

आता जास्त महत्त्वाचं. लीड मिळाल्यावर ‘आता गोल मारू नका’ असं पोरांना कधी सांगू नकोस. माझ्या उमेदीत मी तेही केलंय. पोरं मग मागच्या मागे पास खेळत बसली, बाहेरची पब्लिक प्रत्येक पासला ओरडायला लागली, आणि समोरचा एक बारका पोरगा बॉलमागे पळता पळता रडायला लागला. दहा गोल खाल्ले असते तरी तो रडला नसता. खेळ खराच राहू दे, फक्त तुझ्या पोरांचं काम अवघड कर. स्टॉपरला फॉरवर्ड खेळव, उजव्या पायाच्याला डाव्या विंगला टाक, पाच पास झाल्याशिवाय गोलवर मारायचं नाही असं ठरव. आणि हे लाइनवरून ओरडून सांगू नकोस, समोरच्यांना ऐकू जातं. आत जाणाऱ्या बदली खेळाडूच्या कानात सांग, तो बाकीच्यांना सांगेल.

ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकन सामोआची मॅच तुला माहीत असेल. एप्रिल २००१, वर्ल्डकप पात्रता फेरी, ३१-०. आर्ची थॉम्पसनने एकट्याने १३ गोल केले. पासपोर्टच्या अडचणीमुळे अमेरिकन सामोआचे मुख्य खेळाडू येऊच शकले नव्हते, टीममध्ये शाळकरी वयाची पोरं होती. ऑस्ट्रेलियानेही आपले मोठे खेळाडू खेळवले नव्हते, तरी हे झालं. म्हणजे मुख्य खेळाडू बसवले की आपलं कर्तव्य संपलं, असं नाही. त्या मॅचनंतर ओशनिया विभागात छोट्या देशांसाठी आधीची वेगळी फेरी आली. आणि ते ३१ गोल खाल्लेला गोली निकी सालापू २०११ मध्ये पुन्हा गोलमध्ये उभा होता, जेव्हा अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवून फिफाची मान्यता असलेली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली. दहा वर्षं तो टिकला. सगळे टिकत नाहीत.

पालकांचं. आपला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारताकडून खेळला, त्यामुळे आपल्याही पोराला कुणीतरी बघेल असं घराघरात वाटतं. ते वाटणं चांगलं आहे, त्याचा राग करू नकोस. पण एकच गोल केलेल्या पोराला बाहेर घेतलंस की त्याचे वडील कुंपणापाशी येणार. म्हणून स्पर्धेआधी सगळ्यांना बोलावून सांग: लीड मिळाली की मी बदल करणार, कोणाला आणि का ते मी ठरवणार. मॅच चालू असताना समजावत बसू नकोस. बाहेर येणाऱ्या पोराला मात्र स्वतः भेट. पाण्याची बाटली दे, ‘दुपारी तुझं काम आहे’ एवढं सांग, आणि आत गेलेल्याकडे लक्ष ठेवायला त्यालाच बसव. माझ्या अनुभवात कॅप्टनला पहिलं बाहेर काढलं की बाकी कुणी तोंड वाकडं करत नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. खूप वर्षांपूर्वी आम्ही एक मॅच ८-० ने जिंकलो. पाऊस, गुडघाभर चिखल. माझा फॉरवर्ड पाच गोलांवर होता आणि मला त्याचे सहा बघायचे होते. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मला बेंच आठवला. एका पोराला आत पाठवलं, बॉल त्याच्याकडे आलाच नाही, शिट्टी झाली. फोटोसाठी सगळे उभे राहिले. दहा पोरं डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली आणि याच्या जर्सीवर इस्त्रीची घडी तशीच. त्याची आई लांबून कामावरची सुट्टी काढून आली होती. ती मला काही बोलली नाही. तिने पदराने त्याच्या बुटांवरचा थोडासा चिखल पुसला आणि ती दोघं एसटी स्टँडकडे चालत गेली. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. फॉरवर्डने त्या दिवशी शेवटी सहा केले की पाच, ते मला आठवत नाही.

म्हणून खिशात एक छोटी वही ठेव. प्रत्येक पोराची मिनिटं पेन्सिलने लिही. स्पर्धेच्या अखेरीस ज्याच्या नावापुढे दहापेक्षा कमी मिनिटं आहेत, त्याच्याबद्दल तुला स्वतःला उत्तर द्यावं लागेल.

गुरुवारी तुमची मॅच आहे असं म्हणालास. बुधवारपर्यंत बेंचवरच्या पाचही जणांची नावं, कोण कुठल्या जागेवर खेळतो आणि आतापर्यंत किती मिनिटं मिळाली, ते मला लिहून पाठव. कोण कोणाच्या शेजारी उतरवायचा ते आपण फोनवर बसून ठरवू. यावेळी गोंगाट नसेल अशा ठिकाणाहून लाव.

तुझा,
सर