एकसंध, एकात्म आणि सिंहलीतला 'सन्धीय'

प्रश्न : 'श्रीलंकेला एकसंध राज्य हवे की संघराज्य?' असं एका बातमीत वाचलं. इथे 'एकसंध' चालेल का?

नाही चालणार. 'एकात्म' हवं. बातम्यांत हे 'एकसंध' वाचून वाचून वीट आला आहे. एकसंध म्हणजे न तुटलेलं. एकात्म राज्यात सत्तेचं मूळ एका केंद्रात असतं आणि प्रांतांना केंद्र देईल तेवढंच मिळतं. १९७२ च्या घटनेने श्रीलंका एकात्म ठरवली, एकसंध नव्हे. स्वित्झर्लंड संघराज्य असूनही चांगलं एकसंध आहे.

पण या निमित्ताने सिंहलीकडे बघाच! सिंहलीत संघराज्याला 'सन्धीय' राज्य म्हणतात. संधी म्हणजे तह. संघराज्यासाठीचा इंग्रजी 'फेडरल' ज्या लॅटिन 'फोएडुस'वरून आला, त्याचाही अर्थ तह, करार. इतका नेमका शब्द त्यांना सुचला आणि आपण घेतला 'संघ'! संघात जमाव आहे, समूह आहे. करार औषधालाही नाही. 'संघराज्य' हा फेडरेशनचा आदर्श प्रतिशब्द आहे असं परिभाषावाले ठासून सांगतात, ते मला साफ अमान्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी भारताला 'युनियन' का म्हटलं, याचं कारण दिलं होतं : भारताचं फेडरेशन हे राज्यांनी आपसात केलेल्या करारातून आलेलं नाही. म्हणजे 'युनियन'ला 'संघ' चपखल बसतो, तो करार नाही म्हणूनच. तोच शब्द फेडरेशनलाही लावला की आंबेडकरांनी केलेला भेद मराठीत पुसला जातो. फेडरेशनला 'संधिराज्य' म्हणावं, हे मी सांगत आलो आहे आणि सांगत राहीन. शिवाय 'एकसंध'मधला 'संध' हा 'संधी'च्याच 'सम् + धा' (एकत्र ठेवणं, जोडणं) कुळातला. जोडल्याशिवाय एकसंध होत नाही, मग त्याला संघराज्याच्या विरोधात उभं कसं करता?

जाफन्याकडचे तमिळ लोक तर फेडरलला 'समष्टि' म्हणतात, आपल्या व्यष्टी-समष्टीतला. तिथले तमिळ नेते चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये काढलेला पक्ष इंग्रजीत 'फेडरल पार्टी', तमिळमध्ये मात्र 'इलंगै तमिळ अरसु कच्ची', म्हणजे लंका तमिळ राज्य पक्ष. त्या 'अरसु'वरून फुटीरपणाचा आरोप दशकानुदशकं होत राहिला. संघराज्य मागणं म्हणजे वेगळा देश मागणं नव्हे, असा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

त्याच वर्षी नव्या घटनेचा अंतरिम अहवाल आला. त्यात सिंहलीतला 'एकीय' (आपला एकात्म) तसाच ठेवला. तमिळमध्ये मात्र 'ओट्रैयाट्चि', म्हणजे एकच सत्ता, हा शब्द काढून 'ओरुमित्त नाडु' घातला. ओरुमित्त म्हणजे एक झालेला, अर्थात आपला एकसंध! एकाच वाक्यात सिंहलींना एकात्म आणि तमिळांना एकसंध. यावरून दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला आणि ती नवी घटना काही आली नाही.