सप्ताहाच्या पैशाला नाही म्हणू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

हरिनाम सप्ताहाची समिती अभ्यासिकेसाठी देवळालगतची खोली आणि शिल्लक वर्गणी द्यायला तयार आहे, आणि तुला मात्र घोर लागलाय. सार्वजनिक कामात देवधर्म नको, हे तुझं म्हणणं कागदावर ठीक आहे. पण गावात ज्याच्या एका शब्दावर घराघरातून पायली-पायली धान्य निघतं, तो माणूस बहुतेक वेळा टाळकरीच असतो.

कोल्हापूरचं बघ. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या वसतिगृहांना बळ दिलं. आज हे खटकतं. पण लोक आपल्या समाजाच्या पोरांसाठीच पैसा सोडत होते. महाराजांनी ती ओढ शिक्षणाकडे वळवली. तिची मर्यादाही तिथंच दिसली. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातिधर्मांची पोरं एकाच पंगतीला बसत. त्या पोरांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

गाडगेबाबा तर कीर्तनात देवभोळेपणावर कोरडे ओढत आणि त्याच भाविकांच्या पैशातून धर्मशाळा बांधत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आपण बांधलेलं असं सोडता येणं मला बांधण्यापेक्षा अवघड वाटतं.

तेव्हा खोली घे. पण दार देवळाच्या सभामंडपातून असेल, तर मशिदीमागच्या आळीतली मुलगी अभ्यासाला येणार नाही, कुणी अडवलं नाही तरी. रस्त्याच्या अंगानं नवं दार पाड आणि त्याचा खर्च वर्गणीतूनच माग. समिती कां-कूं करू लागली, तर तिथंच कळेल की खोली गावाला मिळतेय की फक्त सप्ताहवाल्यांना. उद्घाटनाला बुवांनाच बोलाव. मान दिला तर आपलं काय जातं? किल्ली मात्र त्यांच्याकडे नको.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी अभ्यासिकेच्या स्वतंत्र नावानं कर. विश्वस्तांत समितीचे दोघं चालतील, बहुमत नको. हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव. खोलीचा करार तोंडी ठेवू नकोस, मसुदा झाला की पाठव, वाचून देतो.