काळ्या सायकलवर जग फिरता येईल का?

प्रश्न : काका, माझी बारावी झाली. हाइन्झ श्ट्युके या जर्मन माणसाने सायकलवर जग पालथं घातलं, असं वाचलं. माझ्याकडे बाबांची जुनी काळी सायकल आहे, गियरवालीला पैसे नाहीत. मी निघू शकतो का? घरचे वेड्यात काढतात.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : निघू शकतोस, बाळा. श्ट्युके १९६२ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या जड लोखंडी सायकलला तीनच गियर होते. फ्रेम मोडली की तो वेल्डिंग करून घ्यायचा. पन्नासेक वर्षांत सहा लाख किलोमीटरच्या वर गेला. खर्चासाठी स्वतःच्या प्रवासाची पुस्तिका आणि फोटो विकायचा. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले होते. त्यातले तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन करून १९२८ मध्ये परतले. गियरचं मनातून काढून टाक.

पण हात तयार पाहिजे. माझ्या दुकानात रोज पाहतो, वावराच्या रस्त्याने आलं की बाभळीचा काटा ठरलेला. तो टायरमध्ये तुटून राहतो, बाहेरून दिसत नाही. नुसता पॅच मारून ट्यूब बसवली, तर तोच काटा पुन्हा टोचतो. म्हणून ट्यूबमधलं भोक सापडलं की ती टायरशेजारी व्हॉल्व्ह जुळवून धर आणि भोकासमोर टायरच्या आतून बोट हळूच फिरव. काटा बोटाला लागेलच. तो काढ, ट्यूब घास, सोल्युशन लाव आणि वाळू दे. ओल्यावर पॅच टिकत नाही, इथेच सगळे घाई करतात.

दुसरं, मागचं चाक. कॅरियरवरचं सगळं ओझं त्यावर येतं. एक तार तुटली की शेजारच्या तारांवर ताण वाढतो, चाकाला आउट येतो, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे डुलतं. तारा आवळून आउट काढायला गावच्या मिस्त्रीकडे बसून शीक. थोडं सामान पुढेही बांध.

दिवाळीनंतर सुरुवात कर, वैशाखात नको. आधी सामानासकट यवतमाळ, मुक्काम करून परत. मग माहूर, घाटासकट. बाबांना आत्ता तेवढीच परवानगी माग. माहूरहून आलास की मागच्या चाकाच्या किती तारा ढिल्या झाल्या, ते मला लिहून कळव.